मदत हवी आहे: मामासाठी अमेरिकेतच बनलेली 'पेन' कंपनीची मासे पकडायच्या गळाची रील कुठे मिळेल? (तातडीचं)

जर्सीचा_भाचा
शनिवारी निघतोय, प्लीज लवकर सांगा. रत्नागिरीच्या मामाला पेनची रील हवीये. त्याच्याकडे एक जुनी आहे, बोटीवर नोकरीला असलेल्या मित्राने दिलेली, तिच्यावर 'मेड इन यूएसए' कोरलंय. अट एकच, "चायना माल आणू नकोस, तो इथे बाजारात ढिगाने मिळतो."
काल इथल्या एका मोठ्या दुकानात गेलो. पेनची खोकी उलटीपालटी करून बघितली, सगळ्यांच्या बुडाला मेड इन चायना. काउंटरवरचा पोरगा म्हणे, असं कुणी विचारतच नाही. पेन फिलाडेल्फियाची ना? माझ्यापासून दीड तास! थेट कारखान्यात गेलो तर देतील का?
'चायना पण चांगलं असतं' हे लेक्चर नको.

खारवी_दादा
कुठली रील? पेनचे छप्पन प्रकार आहेत. मामा गरी कुठून टाकतात, खडकावरून, जेट्टीवरून की होडीतून? स्पिनिंग की आडव्या ढोलाची? तंगूस किती जाड? बजेट?

जर्सीचा_भाचा
काळी आहे. खडकावरून, मिऱ्याला. बजेटचं बघू. कारखान्याचं कुणाला माहितीये का?

खारवी_दादा
काळी म्हणजे "स्टँडवर लाल एसटी उभी आहे" म्हटल्यासारखं झालं. बाजूच्या तबकडीवर नाहीतर पायावर नंबर असतो. मामांना फोटो पाठवायला सांग.

फिलीचा_फाटक
कारखान्याचा नाद सोड. पेन सुरू केली ओटो हेन्झे नावाच्या जर्मन माणसाने, 1932 मध्ये, इथेच फिलाडेल्फियात. 1936 ला त्यांची सेनेटर ही रील आली आणि खोल समुद्रातल्या मासेमारीत हेच नाव झालं. हंटिंग पार्क ॲव्हेन्यूचा पत्ता जुन्या खोक्यांवर, कॅटलॉगवर असायचा. आता ब्रँड प्युअर फिशिंगकडे आहे, त्यांचं मुख्यालय साउथ कॅरोलायनात कोलंबियाला. तू दुकानात बघितल्यास त्या बॅटल, स्पिनफिशर वगैरे असणार, त्या चीनमध्येच बनतात. इंटरनॅशनल मालिकेच्या सोनेरी रिलींवर पुढेही बरीच वर्षं मेड इन यूएसए असायचं, पण त्या मार्लिन-ट्यूनासाठी. खडकावरून ते धूड फेकायला गेला तर मामाच रिलीमागून पाण्यात.

पुणेरी_भोचक
लेक्चर नको म्हणालात तरी थोडं ऐका. रील म्हणजे काय? ओतीव सांगाडा, दातेरी चक्रं, ढोल, बेअरिंग. साचे एकदा बनवले की कुठेही न्या. उरते ती जोडणी आणि तपासणी, ती हातानेच होते आणि अमेरिकेत सगळ्यात महाग पडते तीच. गळाच्या काठ्या बनवणारी सेंट क्रॉईक्स घ्या. महागड्या काठ्या विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सला, स्वस्त काठ्या मेक्सिकोत फ्रेस्नियोला. नाव एकच. शिवाय शांडोंगमधल्या वेइहाईसारख्या शहरात आता सगळा धंदाच गळाच्या सामानाचा आहे. सुटे भाग, रंगकाम, खोकी, सगळं एका गावात. ते उचलून परत फिलाडेल्फियात कोण आणणार?

टेक्सासचे_तात्या
2025 ला टॅरिफ लावलेत ना? येतील परत.

पुणेरी_भोचक
तात्या, टॅरिफ लागला की मलेशिया, व्हिएतनाम. शिमानोच्या कितीतरी रिली आधीपासून मलेशियातच बनतात आणि लोक त्याला 'जपानी' म्हणून नाचतात.

टेक्सासचे_तात्या
पण जपानी लोकांनी वरचा माल घरीच ठेवला. शिमानोची महागडी स्टेला जपानमध्ये साकाईलाच बनते. आमच्या लोकांनी घरात काही ठेवलंच नाही, हेच माझं म्हणणं आहे. आणि गळाच्या सामानावर 10 टक्के एक्साइज इथे कित्येक वर्षांपासून आहे, आयात मालावर पण. म्हणजे बाहेर बनवून तोही वाचत नाही. हे सगळं मजुरीसाठी.

पुणेरी_भोचक
मी तेच तर म्हटलं.

टल्साची_मंजू
आमच्या गावची रील कंपनी झेब्को विसरू नका! मूळची तेलाच्या विहिरीत स्फोट करायचे टायमर बनवणारी झिरो अवर बॉम्ब कंपनी. आर. डी. हल नावाच्या घड्याळजीने बंद टोपीच्या रीलची कल्पना आणली, 1949 ला पहिली रील निघाली. अशीही गोष्ट सांगतात की आयझेनहॉवरना रील पाठवली आणि खोक्यावर 'बॉम्ब' वाचून त्यांच्या सुरक्षारक्षकांनी ते पाण्यात बुडवलं. 😄 पुढे कंपनी ब्रन्सविककडे गेली, 2001 ला डब्ल्यू. सी. ब्रॅडलीकडे, आणि उत्पादन चीनला. माझ्या शेजारच्या आजोबांनी जुनी टल्सावाली रील काचेच्या कपाटात ठेवलीये, नातवाला हात लावू देत नाहीत.

वाईकर
आपल्या वाईला गरवारेंचा कारखाना आहे, मासेमारीची जाळी तिथून परदेशात जातात. म्हणजे उलटी गंगाही आहे. अभिमान बाळगा.

जर्सीचा_भाचा
अभिमान आहे, पण मला जाळं नको, रील हवीये. आज बुधवार.

फिलीचा_फाटक
अमेरिकन हवीच असेल तर पेन हे नाव विसर. कॅलिफोर्नियातल्या ॲव्हेट आणि ॲक्युरेट, व्हर्जिनियातली सीगलर, या अजून इथेच बनवतात. खडकावरून फेकायची असेल तर ॲव्हेटची एमसी बघ, त्यात चुंबकाचा ब्रेक असतो, गुंता कमी होतो. दोनशे-अडीचशे डॉलरच्या खाली काही मिळणार नाही.

ओहायोची_मावशी
अरे, गऱ्या पण घेऊन जा. ईगल क्लॉ, कोलोरॅडोच्या डेन्व्हरच्या. मामा खूश होतील. गऱ्या चेक-इन बॅगेत हं, हातातल्या सामानात नको. आणि पुड्या नीट गुंडाळ, माझ्या जावयाच्या शर्टात एकदा अडकली होती.

जर्सीचा_भाचा
मामाचा फोटो आला. 113H लिहिलंय. तो म्हणतो, तांबोशी लागली की दोरी सुटत जाते, चांदणी (हँडलजवळची ब्रेक आवळायची चकती) कितीही आवळली तरी थांबत नाही. म्हणून नवी हवीये.

खारवी_दादा
हेच पहिल्यांदा सांगायचं! ती पेनची स्पेशल सेनेटर, 4/0 मापाची. रील मेलेली नाही, ड्रॅगच्या, म्हणजे दोरी सुटताना धरणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या झिजल्यात. त्या मॉडेलला पेनच्याच एचटी-100 कार्बनच्या चकत्या बसतात, ऑनलाइन मिळतात. नवी रील घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. घरी करता येतं: हँडल काढ, चांदणी काढ, उजव्या तबकडीचे स्क्रू काढ, आतलं मोठं चक्र दिसेल, चकत्या त्याच्याच पोटात असतात. धातूच्या आणि कार्बनच्या एकाआड एक. आधी मोबाईलवर फोटो काढ, क्रम चुकला की ड्रॅग धरत नाही. छोटी स्प्रिंग उडते, खाली पांढरा टॉवेल अंथर. खारं पाणी आत गेलं असेल तर सगळं पुसून रिलीचं ग्रीस लाव, खोबरेल तेल नको. रत्नागिरीत अर्धे लोक तेच लावतात.

टेक्सासचे_तात्या
बघा, तेव्हाच्या वस्तू दुरुस्त होतात. आत्ताच्या फेकायच्या.

पुणेरी_भोचक
आत्ताच्याही होतात. स्पिनफिशर मी स्वतः उघडून साफ केलीये, सुटे भागही मिळाले. कारण नसताना रडू नका.

जर्सीचा_भाचा
धन्यवाद खारवी_दादा. चकत्या ऑर्डर केल्या, शुक्रवारी येतील असं दाखवतंय. मामाला सांगितलं तर म्हणतो, "चकत्या आण, पण नवी पण आण, जुनी बंड्याला देतो." आता ॲव्हेट कुठे आजच्या आज मिळेल? एडिसनच्या आसपास?

खारवी_दादा
उजव्या हाताची की डाव्या?

खवय्या_ठाणे
तांबोशीचा सध्या रत्नागिरीत काय भाव चाललाय हो?