मदत हवी आहे: आमच्या जागेवर शाळा-क्रीडांगणाचं आरक्षण, कलम १२७ची नोटीस द्यावी की टीडीआर घ्यावा?

आडवाटेचा_प्रवासी

नमस्कार मंडळी,

नगरपरिषदेच्या हद्दीत आमची साधारण एक एकर जागा आहे. आजोबांनी घेतलेली, आता वडील, काका आणि आत्या अशा तिघांच्या नावावर. सातबारा स्वच्छ: बोजा नाही, कूळ नाही. पण मंजूर विकास योजनेत निम्म्याहून जास्त भागावर 'प्राथमिक शाळा व क्रीडांगण' असं आरक्षण आहे आणि एका कडेने १२ मीटरचा डीपी रोड (विकास योजनेतला नियोजित रस्ता) जातो. सातबाऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही. वडिलांनी घराचा नकाशा दाखल केला तेव्हा परवानगी नाकारली गेली, मग झोन दाखला आणि भाग नकाशा काढला, तेव्हा सगळा उलगडा झाला.

योजना लागू होऊन दहा वर्षं केव्हाच उलटलीत. शाळा नाही, मैदान नाही, जागा ताब्यात घ्यायलाही कोणी फिरकलेलं नाही. गाजरगवत मात्र दरवर्षी आम्हीच काढतो.

नगररचना विभागात चौकशी केली तर तोंडी सांगतात, "टीडीआर घ्या आणि मोकळे व्हा." (म्हणजे जागा द्यायची आणि बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क घ्यायचा.) एक एजंट 'आरक्षणाच्या जागेला गिऱ्हाईक नसतं' म्हणत निम्म्या भावात मागतोय. गिऱ्हाईक नसतं तर हा एवढा मागे का लागलाय, हे मला कळत नाही. काका विकून टाका म्हणतात, वडील नाही म्हणतात, घरात हाच विषय.

त्यात आता शहराची योजना सुधारित करायचं काम सुरू झालंय. नगररचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस दिली की आरक्षण उठतं असं ऐकलंय. ते खरं आहे का? नवी योजना येईपर्यंत थांबून हरकत घेतली तर चालेल, की आधीच काही करायला हवं? टीडीआर लहान गावात खरंच विकला जातो का? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

काळा_कोट

थांबू नका. तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून आधी लिहितो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याचं कलम १२७ सांगतं की अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५च्या दुरुस्तीने २४. जुने लेख वाचून लोक अजून सहा महिने धरून बसतात.

म्हणजे दहा वर्षं झाली की आरक्षण आपोआप जात नाही. नोटीस द्यावीच लागते. ती न देता बसून राहिलात आणि सुधारित योजना मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण पुन्हा आलं, तर दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाचा प्रफुल्ल दवे प्रकरणातला निकाल याच मुद्द्यावर आहे. नवीन योजनेवर हरकत जरूर घ्या, पण नोटिशीऐवजी नव्हे.

एजंटचं म्हणाल तर त्याला कलम १२७ तुमच्याआधी माहीत आहे. विसारपावतीवरसुद्धा सही करू नका.

आडवाटेचा_प्रवासी

बाप रे. धन्यवाद वकीलसाहेब. 'पावलं उचलली' म्हणजे नेमकं काय? उद्या सभेत ठराव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, तर आमचं सगळं मुसळ केरात?

काळा_कोट

नाही. २००७च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेला प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध व्हायला हवी. त्यासाठी नगरपरिषदेकडे पैसे लागतात, आणि २०१३च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यावर आणखी तेवढंच दिलासा रक्कम म्हणून द्यावं लागतं. तुम्हाला टीडीआरकडे का ढकलतायत ते आता लक्षात येईल.

रेघ_आणि_स्केल

मी आर्किटेक्ट आहे, टीडीआरपुरतं लिहिते. २०२०च्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे आरक्षित जागा सोडल्यास विरळ भागात क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. कागदावर छान वाटतं. पण टीडीआर घेणार कोण? जिथे उंच इमारती होतायत तिथले बिल्डर. लहान गावात मूळ एफएसआयच (प्लॉटच्या क्षेत्रानुसार मिळणारं बांधकाम) पुरता वापरला जात नाही, तिथे प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं. शिवाय जागा मोजून, सपाट करून, कुंपणभिंत घालून द्यायचा खर्च मालकाच्या अंगावर येतो. तुमच्या शहरात मागच्या काही वर्षांत किती प्रमाणपत्रं दिली आणि किती प्रत्यक्ष वापरली गेली, हे माहिती अधिकारात विचारा. त्या उत्तरावरून ठरवा.

डीपी रोडचा भाग मात्र वेगळा धरा. तो रस्ता झाला तर तुमच्याच उरलेल्या जागेला तोंड मिळणार आहे. रस्त्याचं क्षेत्र देऊन त्याचा एफएसआय उरलेल्या प्लॉटवर वापरणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं. त्यावर भांडू नये असं माझं मत.

तिसरी वाट समावेशक आरक्षणाची: ठरावीक हिस्सा शाळेसाठी किंवा मैदानासाठी बांधून द्यायचा, बाकी आपण विकसित करायचं. आरक्षणाच्या प्रकारानुसार प्रमाण बदलतं, नियमावलीतला तक्ता पाहा.

पटांगण

थोडं कडू बोलतो. सगळ्यांनी नोटिसा देऊन आरक्षणं सोडवून घेतली तर पोरांनी खेळायचं कुठे? आमच्या भागात एकही मैदान उरलेलं नाही, पार्किंगमध्ये क्रिकेट चालतं.

काळा_कोट

मुद्दा बरोबर आहे, पण त्याचा जाब मालकाला विचारू नका. दहा वर्षं अधिक दोन वर्षं एवढा वेळ कायद्याने नगरपरिषदेला दिलाय. मैदान हवं असेल तर अंदाजपत्रकात तरतूद करा. तेहतीस वर्षं जागा अडकवून ठेवल्याच्या प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही मालकाच्याच बाजूने निकाल दिला.

आडवाटेचा_प्रवासी

पटांगणदादा, आमचाही विरोध मैदानाला नाही, लटकत ठेवण्याला आहे. मोबदला देऊन घेतली तर वडील आनंदाने देतील.

एक अडचण: आत्याची सही मिळणं अवघड दिसतंय, ती काकांच्या बाजूने आहे. तिघांच्या सह्या लागतीलच का?

काळा_कोट

कलमात 'मालक किंवा जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती' असे शब्द आहेत, त्यामुळे वडील एकटेही देऊ शकतात. तिघांनी मिळून दिली तर पुढे फाटे फुटणार नाहीत, एवढंच. हक्काचे कागद सोबत जोडणं सक्तीचं आहे: सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा. नाहीतर नोटीसच अपुरी म्हणून बाजूला ठेवतात.

नोटीस देण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमचं आरक्षण मुख्य योजनेसोबत मंजूर झालं की 'ईपी' (मंजुरीच्या वेळी बाजूला ठेवलेला भाग) म्हणून वगळून नंतर? नंतर झालं असेल तर दहा वर्षं त्या तारखेपासून. आणि योजनेच्या अहवालात या आरक्षणापुढे समुचित प्राधिकरण (ज्याने ही जागा घेऊन विकसित करायची ती संस्था) म्हणून कोणाचं नाव आहे? नगरपरिषदेशिवाय दुसरं कोणी असेल तर त्यांनाही नोटीस द्या. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या, कारण २४ महिने त्या शिक्क्यापासून मोजले जातील. मुदत संपल्यावर व्यपगताची अधिसूचना राजपत्रात यावी म्हणून शासनाकडे वेगळा अर्ज करा. ती हातात नसेल तर बांधकाम परवानगीचा टेबल पुढे सरकत नाही.