घरातल्या आजारपणात तुम्हाला कुणी, कसा हात दिला? सोलापूरकरांनो, लिहा

आजारी माणसाची चौकशी करायला घरी माणसं येतात, यायलाच हवीत. त्याचं करणाऱ्या माणसाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ती बायको असते, सून असते, कधी नोकरी सांभाळून रात्री जागणारा मुलगा असतो. या धाग्यावर त्यांच्याविषयी बोलू या. तुम्ही कुणाचं करत असाल तर तुम्हाला कुणाची, कशी मदत झाली ते लिहा. बारीक तपशिलासकट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उचलता येईल. डॉक्टर कोण, हॉस्पिटल कुठलं यावरच्या तक्रारी इथे नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या गोळीची वेळ टळली की अंग ताठतं, घास गिळणं अवघड होतं. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे, कधी रात्री. पाणी आलं की खाली जाऊन मोटर लावायची, पिंपं भरायची, आणि नेमकी तीच वर गोळीची वेळ. "काही लागलं तर सांग गं" असं सगळ्याच म्हणायच्या, मनापासून म्हणायच्या. पण मागायला जीभ रेटत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस वर आल्या आणि म्हणाल्या, "पाण्याच्या दिवशी तू खाली उतरायचं नाहीस. तुझी पाइप माझ्याकडे देऊन ठेव." तेव्हापासून पाण्याची चिंता मिटली. मला वाटतं खरी मदत अशी असते, एक काम नेमकं उचलून घेणारी. तुमचा अनुभव काय?

होटगी रोडवरून, पत्नी

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास. ते आत मशीनला, आम्ही बायका-माणसं बाहेर बाकावर. सकाळच्या बॅचचे आम्ही सगळे आता एकमेकांना घरच्यांइतके ओळखतो. एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका आहेत, अक्कलकोटहून येणाऱ्या एक काकू आहेत, वडिलांना घेऊन येणारी पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आहे. सिस्टरनी दारातून "नातेवाईक कोण?" म्हणून हाक मारली की बाकावर जो असेल तो उठतो, पेशंट कुणाचाही असो. त्यामुळे बाकीच्यांना बँकेत जाऊन येता येतं, शाळेतून पोरगं आणता येतं. ती मुलगी तेवढ्यात मैदानावर पळून येते.

कागदपत्रांचं सगळं काकांनी सांगितलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव, आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठ, बिलाच्या खिडकीशी नंतर जा. योजनेची पाटी मी येता-जाता रोज बघत होते. पण घाबरलेल्या माणसाला पाटी वाचून काही उमगत नाही, कुणीतरी बरोबर येऊन खिडकी दाखवावी लागते.

अक्कलकोटच्या काकूंनी शिकवलेलं लिहिते, कुणाला उपयोग होईल. फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या हाताने बादली उचलायची नाही. रात्री झोपताना त्यावर बोटं ठेवायची. आत बारीक थरथर लागते. ती लागली नाही तर सकाळची वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. मी रोज बोटं ठेवते. ती थरथर लागली की मग मला झोप येते.

उन्हाळा हा आमचा सगळ्यात कठीण काळ. आपल्या सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, पारा 43 च्या पुढे जातो, आणि यांना पाणी मोजून. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवते. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं. बाटली संध्याकाळच्या आत रिकामी झाली की त्यांचा चेहरा बघवत नाही. काकांनी युक्ती सांगितली, थंड पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि टाकायची, तहान थोडी मरते. बर्फाचा खडा चालतो, पण तोही पाण्यातच मोजायचा. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. पाहुणे प्रेमाने शहाळं घेऊन येतात. त्यात पोटॅशियम जास्त, ते यांना चालत नाही हे सांगताना मला फार अवघड व्हायचं. आता ते काम माझ्या जावेने घेतलंय. ती फोनवरच सगळ्यांना सांगते, "येताना शहाळं, केळी आणू नका. वहिनींसाठी भाकरी-पिठलं करून आणा."

पुण्यातून, मूळची साखर पेठेतली

मी लांबची मुलगी. आईचं सगळं धाकटी बहीण करते. लांबच्यांनी फोनवर सल्ले देणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही कामं वाटून घेतली. औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे कागद, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, सगळे रिपोर्ट तारीखवार लावणं हे माझ्याकडे. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते आणि घराचा ताबा घेते. मी आले की बहिणीने घरात थांबायचं नाही, हा नियम. पहिल्यांदा ती बाहेर गेली आणि अर्ध्या तासात परत आली, कुठं जावं तेच सुचेना म्हणाली. आता मैत्रिणीकडे राहायला जाते.

विडी घरकुल, कुंभारी. आई सांगते, मी लिहिते

आमच्या वसाहतीत 10 हजार घरं आहेत, बहुतेक घरांतून बायका विड्या वळतात. बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. त्याआधी ते यंत्रमागावर होते. घर आईच्या विड्यांवर आलं. विड्या घरी बसून होतात खऱ्या, पण पान-तंबाखू आणायला आणि वळलेला माल द्यायला कारखान्यात जावंच लागतं. तिथं माल तपासून, मोजून घेईपर्यंत खूप वेळ जातो. बाबांना तेवढा वेळ एकटं कसं टाकायचं?

शेजारच्या अक्का न विचारता दारात आल्या. "काय करलालीस? दे तुझा माल इकडं, माझ्याबरोबर नेते." तेव्हापासून आईचा माल त्या नेतात, आमची पानं त्याच आणतात. संध्याकाळी समोरच्या दोघी आमच्या ओट्यावर सुपं घेऊन बसतात, पानं कापतात, विड्या वळतात. आईला तेलुगूत बोलता येतं, पोटातलं सगळं बोलून घेते. बोलता बोलता वेळेवर लक्ष राहतं, दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

कूस बदलण्याचं तंत्र फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाखवलं. आमच्याकडे चादरींना काय तोटा! एक सोलापुरी चादर आडवी दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली ठेवायची. दोन्ही बाजूंनी दोघींनी कडा गुंडाळून घट्ट धरायच्या, "एक, दोन, तीन" म्हणून एकदम उचलून सरकवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही, लकवा मारलेला खांदा निखळतो. खालची चादर चुरगळलेली ठेवायची नाही, वळीसुद्धा टोचते. आई एकटी करायची तेव्हा तिची कंबर गेली होती. आता "चला गं" म्हटलं की ओट्यावरची एक जण उठून आत येते.

आई म्हणते, माझं बीपी पण वाढलंय ते लिही, आणि ते अक्कांनी पकडलं ते पण लिही. बाबांच्या तपासणीच्या दिवशी अक्का बरोबर होत्या. त्यांनी डॉक्टरांपुढे आईचाच हात पुढे केला.

लक्ष्मी पेठेजवळून, मुलगा

वडील मिलमध्ये होते. गिरण्या कधीच बंद पडल्या, पण त्यांच्या डोक्यात भोंगा अजून वाजतो. डिमेन्शिया आहे. दिवस कलला की अस्वस्थ होतात, चप्पल शोधतात, "पाळी चुकेल माझी" म्हणतात. पहिल्यांदा मी समजावायचो, मिल बंद झाली दादा. ते ऐकून दर वेळी नव्याने हादरायचे.

कोपऱ्यावरच्या चहावाल्यांनी मार्ग काढला. त्यांचेही वडील मिलमध्येच होते. दादा बाहेर पडले की ते त्यांना बाकावर बसवतात. "अजून वेळ आहे भोंग्याला, चहा घ्या." अर्धा कप चहा, चार गोष्टी साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, सुताच्या. मग म्हणतात, "आज सुट्टी लागली बघा, चला घरी." दादा समाधानाने परत येतात. रिक्षा स्टॉपवरच्या सगळ्यांकडे माझा नंबर आहे, दादांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूलाही शिवलाय. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत अक्षता सोहळ्याला मला जाता यावं म्हणून चहावाल्यांचा भाऊ दुपारभर दादांजवळ बसला. संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत मी उभा होतो, नंदीध्वज आले आणि मला रडू आलं. बाजूच्यांना भक्तीने आलं असं वाटलं असेल. तेही होतंच.

बाळे भागातून

मी कुणाचं करत नाही, पण समोरच्या घरात एक ताई एकट्या आईचं करतात. बोलावल्याशिवाय जावं का? आगाऊपणा वाटेल का?

धागा काढणारी

जा. पण "काही हवंय का" विचारू नका, त्यावर "नको" असंच उत्तर येतं. दिवस आणि वेळ सांगा: "गुरुवारी चार ते सहा मी तुमच्या आईजवळ बसते, तुम्ही झोपा किंवा बाहेर जा." आणि ठरलेल्या वेळेला पोचा. दिलेला शब्द पाळणारं एक माणूस असलं तरी आठवडा तरून जातो.

विजापूर रोड, आई

इथे सगळ्यांच्या आजारांना शेजारी येतात, डबे येतात. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आमच्याकडे डबा येत नाही, कारण मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. नातेवाइकांत "तो अभ्यासासाठी बाहेर असतो" असं चाललं होतं, आणि तो आतल्या खोलीत असायचा.

ओपीडीत रांगेत एक बाई दर वेळी दिसायच्या, त्यांच्या मुलीला हाच आजार. एकदा माझा मुलगा रांगेतून उठून निघून चालला. मी धावले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याला जाऊ दे पायऱ्यांपर्यंत. मागे मी जाते, तुम्ही नंबर सोडू नका." त्या दिवशी मला बोलायला माणूस मिळालं. आता आमचं ठरलंय. रात्री घरात आवाज वाढले, त्याला भीती वाटायला लागली, तर मी त्यांना फोन लावते. त्या उपाय सांगत नाहीत. "मी ऐकतेय" म्हणतात आणि फोनवर थांबतात. त्यांची रात्र वाईट असली की मी थांबते.

त्यांच्याकडूनच कळलं की मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, प्रमाणपत्र मिळू शकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही त्यांनीच दिला. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. करणाऱ्या माणसानेही तिथे फोन करायला हरकत नाही. मी स्वतःसाठी केलाय.

बरं वाटायला लागलं की मुलं म्हणतात आता गोळी कशाला. या वळणावर भांडू नका, डॉक्टरांसमोर तो प्रश्न त्यालाच विचारू द्या, हेही त्यांनी सांगितलेलं. आमच्याकडे उपयोग झाला. आणि महिन्यापूर्वी मी सख्ख्या बहिणीला सगळं खरं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी शेंगापोळ्या घेऊन आली, त्याच्याशी क्रिकेटवर बोलत बसली. आमच्या घरी आलेला पहिला डबा.

मोहोळ तालुक्यातून, भाऊ

बहिणीच्या रेडिएशनसाठी बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला होतो. रेडिएशन आठवड्यात पाच दिवस, काही आठवडे चालतं, रोज एसटीने ये-जा पेशंटला झेपत नाही. करमाळा, माढा, परांडा इथल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून खोली घेतली. स्वयंपाक एकत्र. तोंड आलेल्या पेशंटसाठी बिनतिखटाची मऊ मुगाची खिचडी आधी, मग आमचं कालवण. पुरुष माणसाला भाकरी येत नव्हती, परांड्याच्या मावशींनी शिकवली. अजून फोन चालू आहेत. कुणाची तपासणी आली की सगळ्यांचे फोन.

शेळगी

मोहोळच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचे मामंजी मागच्या महिन्यात गेले. त्यांची हवेची गादी पंपासकट पुसून, वाळवून ठेवलीय. हवेच्या एका कप्प्याला ठिगळ आहे, पण हवा धरतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दोन तासांनी कूस बदलणं मात्र या गादीवरही सोडायचं नाही. कुंभारीच्या ताई, तुमच्या बाबांना चालणार असेल तर आधी तुमची. नाहीतर ज्यांना हवी त्यांनी इथे कळवा. भाडं, अनामत काही नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, पंप जड आहे, तेव्हा येताना बरोबर एक माणूस आणा. संध्याकाळी सहानंतर घरी कुणीतरी असतंच.