खापर, आखाजी आणि चिडकं पोर: तुमचेही अनुभव लिहा

तापीकाठची
काल आखाजीसाठी (अक्षय्य तृतीया) मांडे भाजायचं नवं मातीचं खापर आणलं आणि जुनं आठवलं. चार वर्षांपूर्वी मांडे भाजत होते. मोठ्याला म्हटलं, जेवून घे ना रे. एका लाथेत चुलीवरचं खापर फुटलं, मांडा राखेत. तेव्हा तो १४ चा. सगळे म्हणाले वयात आलाय, व्हई जाई नीट. सासूबाईंनी दृष्ट काढली. रात्री तीनपर्यंत जागा, क्रिकेट बंद, धाकटीच्या वेणीवरूनसुद्धा भांडण. दोन महिन्यांनी जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी रागाचं विचारलंच नाही. झोप, भूक, मित्र कधी सुटले ते विचारलं. म्हणाले, नैराश्यात या वयाची मुलं उदास दिसतीलच असं नाही, नुसती चिडचिडी होतात. मी आपली डोळ्यांत पाणी शोधत होते.

केळीबाग_रावेर
आमच्याकडे ४५ डिग्रीत कूलर बंद पडला की अख्खं घरच चिडतं हाहा

भुसावळची मावशी
आमची पोरगी दहावीत. "डोकं नको खाऊ मनं", एवढंच बोलायची, तेही दाराआडून. तपासलं तर हिमोग्लोबिन ८. गोळ्यांनी निम्मं चिडणं गेलं. उरलेलं निम्मं क्लासचं होतं, तिथे मुलं तिला काळी म्हणून चिडवायची. ते कळायला वर्ष गेलं. कुकरची शिट्टी झाली, येते.

आप्पा_धुळे
आमच्या टायमाला बाप नुसता खाकरला तरी पोरं गप. दोन ठेवून द्यायच्या.

तापीकाठची
आप्पा, दोन ठेवून झाल्या होत्या, ह्यांनी. त्यानंतरच खापर फुटलं.

शाळामास्तर, नंदुरबार
प्रत्येक चिडका आजारी नसतो, घाबरू नका. भुकेने चिडलेला डबा खाल्ला की विसरतो. काळजी त्याची, जो भडका नसतानाही दिवसभर फणफणत असतो, घरीही आणि वर्गातही. मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, त्याला वेगळं निदान आहे: आठवड्यात ३ किंवा जास्त भडके, किमान १२ महिने, सुरुवात वयाच्या १० वर्षांआधी. ते तज्ज्ञच ठरवणार, आपण शिक्का मारायचा नाही. चांगलं हसतंखेळतं पोर एकदम बदललं तर ते प्रकरण निराळं, तिथे वर्षभर वाट बघू नका.

दीपनगर नाइट शिफ्ट
टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट. पोराने मरायची भाषा केली तेव्हा रात्री दोनला मी लावला होता. बाई मराठीत बोलली, पोराला एकटं सोडू नका म्हणाली. घरातलं फवारणीचं औषध त्याच रात्री शेजाऱ्याकडे ठेवलं. सकाळी सिव्हिल.

केळीबाग_रावेर
सॉरी, वर उगाच हसलो.

आप्पा_धुळे
माझा धाकटा भाऊ असाच होता. ८० च्या सुमारास कोण नेतंय डॉक्टरकडे. भगताकडे नेलं, मग मारलं. आता पुण्याला असतो. फोन करत नाही.

भुसावळची मावशी
तुम्हीच करा ना आप्पा. आखाजीचं निमित्त आहे.

बरं ताई, खापर केवढ्याला? आमचंही तडकलंय.

तापीकाठची
चारशे म्हणत होता, साडेतीनशेला दिलं. यंदा मोठाच मांडे भाजणार म्हणे. पुरण जास्तीचं घातलंय.

आप्पा_धुळे
नंबर बदललाय वाटतं त्याचा. पुतण्याला विचारतो.

केळीबाग_रावेर
आमरसाचे आंबे आले का तिकडे?