‘गावात बसून नोकरीची वाट पाहू नका’ या सल्ल्याबद्दल थोडे

देवगडकर:
घरून करायच्या नोकऱ्या आता संपल्यात जमा आहेत, तेव्हा जिल्ह्याच्या गावी बसून अर्ज करणाऱ्या मुलांनी मुकाट्याने पुण्यात खोली घ्यावी, असे काल येथील एका ज्येष्ठ सदस्याने लिहिले आणि त्यावर टाळ्याही पडल्या. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी कार्यालयात असले तरी पुरेल, असे टीसीएसने २०२० साली स्वतःच जाहीर केले होते आणि त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली. मधल्या काळात काम अडले होते असे म्हणावे, तर टाळेबंदीनंतरच्या वर्षात याच माहिती तंत्रज्ञान क्षेत्राने धो धो भरती केली होती. मग नोकऱ्या संपल्या म्हणायचे, की साहेबांचा जीव रिकाम्या खुर्च्या पाहून कासावीस झाला म्हणायचे? माझी धाकटी बहीण कणकवलीहून एका परदेशी कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी हाताळते. पुण्यातील भाडे, अनामत आणि खानावळ वजा जाता हाती उरले असते, त्याहून अधिक पैसे ती आज घरी देते.

जुना_एचआर:
तो ‘ज्येष्ठ सदस्य’ मीच, त्यामुळे नाव घेतले असते तरी चालले असते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये लिंक्डइनवरील जाहिरातींपैकी रिमोट, म्हणजे घरून करायच्या, जागा वीस टक्क्यांच्या आसपासच होत्या, पण एकूण अर्जांपैकी निम्मे त्यांनाच आले होते. आपल्याकडे वेगळे काही नाही. सकाळी टाकलेली जाहिरात दुपारच्या चहापर्यंत बंद करावी लागते. मग आम्ही अनुभवाची चाळणी लावतो आणि पहिल्याच फेरीत नवखी मुले गळतात. त्यातून वाचलेल्यांच्या मुलाखतीत काय दिसते तेही ऐका. प्रश्न विचारला की उमेदवाराची नजर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जाते, तो ‘आवाज तुटतोय’ म्हणतो आणि अर्ध्या मिनिटाने छापील उत्तर देतो. एकदा तर मुलाखत दिलेला मनुष्य एक आणि रुजू झालेला दुसराच निघाला. गूगलनेही २०२५ मध्ये किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचे ठरवले, ते उगाच नव्हे.

हिंजवडीग्रस्त:
समोरासमोर फेरी जरूर घ्या, परंतु पुढची वर्षानुवर्षे समोरासमोर कशासाठी? मी वाकडच्या पुलावर तासभर अडकून फेज तीनला पोहोचतो, कार्ड स्वाइप करतो आणि हेडफोन लावून ज्या चार जणांशी बोलतो ते चौघेही बंगळुरूत बसलेले असतात. पावसाळ्याबद्दल लिहिले, तर नियामक मंडळ प्रतिसाद उडवील.

अनुराधा_क:
देवगडकर, आपली बहीण कर्मचारी आहे की कंत्राटदार? परदेशी कंपन्या आता ‘सल्लागार’ म्हणून करार करतात. त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजाही नाही. मला गरोदरपणी सातव्या महिन्यात एका ओळीचा मेल आला की या तिमाहीनंतर करार पुढे नेता येणार नाही. कोणी मला काढले नाही आणि कोणी माझ्याशी भांडलेही नाही. करार संपला, एवढेच.

करदाता_नागपूर:
रडगाणे पुरे. कंत्राटदाराला १९६१ च्या आयकर कायद्यातील ४४एडीए कलमाखाली निम्म्याच जमेवर कर भरावा लागतो, हा फायदा कोणी सांगत नाही. पगारदारांनी जळावे.

अनुराधा_क:
ते कलम ठरावीक व्यवसायांसाठी आहे. अभियंते, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानवाले त्यात बसतात. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे हे त्या यादीत कोठे आहे, ते दाखवाच. शिवाय गृहकर्जाला गेलात की बँक पगारपत्रक मागते आणि ते नसल्यास मागील वर्षांची विवरणपत्रे. सातव्या महिन्यात काम जाणे हे ज्यांना रडगाणे वाटते, त्यांना यापुढे माझ्याकडून उत्तर नाही.

करदाता_नागपूर:
बहिणीला सीएकडे पाठवावे, मग. माझ्या सीएने तर कधी हरकत घेतली नाही, पण मी संगणकवाला आहे, हे मान्य.

देवगडकर:
माझ्या बहिणीचे विवरणपत्र चव्हाट्यावर मांडण्यासाठी हा धागा काढला नव्हता. ती कंत्राटावर आहे, होय. कणकवलीत तिला कायम नोकरी कोण देणार होते, तेवढे कर सल्लागारांनी सांगावे.

जुना_एचआर:
कंत्राट वाईट असे माझे म्हणणे नाही. नियुक्तिपत्रावर सही कोणाची आहे, भारतात नोंदलेल्या कंपनीची, मध्यस्थ संस्थेची की थेट परदेशी मालकाची, एवढे पाहावे. मध्यस्थामार्फत रीतसर घेतले असेल, तर भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. चार-पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांना गावातून काम मिळते, हेही मी नाकारत नाही. नवख्यांचे काय, हाच माझा प्रश्न होता आणि त्याला कोणी हात लावलेला नाही.

लातूरचा_फ्रेशर:
नवखा म्हणून विचारतो. मला टेलिग्रामवरून डेटा एंट्रीची ऑफर आली असून लॅपटॉप पाठवण्यापूर्वी अनामत भरण्यास सांगितले आहे. ती परत मिळते का?

अनुराधा_क:
एक रुपयाही भरू नका. भरला असल्यास आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, धागा नंतर वाचा.

देवगडकर:
एचआर महोदय, नवख्यांचा मुद्दा अर्धा मान्य. तुमच्यासारख्यांनी चाळणी लावल्यावर ती गळणारच. उरलेल्या अर्ध्यासाठी, आपण स्वतः येथे दिलेली जाहिरात आताच उघडली. वर ठळक अक्षरांत ‘रिमोट’ लिहिले आहे आणि पार तळाशी ‘आठवड्यातून तीन दिवस बाणेर कार्यालय’. हे कोणी लिहिले, तेही सांगून टाका.

जुना_एचआर:
मार्केटिंगने. बदलण्यास सांगितले आहे.