वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत आत्याबद्दल काय लिहावे?

रामबागकर (इंदूर) :
माझी आत्या गेल्या वर्षी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायचे ठरले असून मजकुराची जबाबदारी माझ्यावर आली आहे. आत्याने लग्न केले नाही. इंदूर ‘मध्य भारत’ राज्यात होते तेव्हा ती सरकारी कन्याशाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाली, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि 1989 साली ती निवृत्त झाली. राज्य बदलले, तिचे शहर बदलले नाही. पुढे अखेरपर्यंत ती स्वतःच्या दोन खोल्यांत निवृत्तिवेतनावर एकटी राहिली.

नातेवाइकांनी पाठवलेल्या आठवणींचा सूर मात्र एकच आहे : ती भावंडांसाठी झिजली, आणि 1961 मध्ये आजोबा गेले तेव्हा तिने वाड्यातला वाटासुद्धा मागितला नाही. मी पाहिलेली आत्या यात कुठेच दिसत नाही. घरातल्या होळकरकालीन कागदांत काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घेणे तिला मानवेना, म्हणून ती निवृत्तीनंतर मोडी शिकली. तिच्या वह्यांत दूध-किराण्याच्या हिशेबाशेजारी निरीक्षणे आहेत. जून महिन्यातल्या एका पानावर तिने गच्चीत उभ्या ठेवलेल्या खलबत्त्याच्या बत्त्याची सावली दर दहा मिनिटांनी मोजली आहे. साडेबाराच्या नोंदीपुढे शून्य आणि खाली ‘जुलैत पुन्हा पाहणे’ एवढेच शब्द आहेत. या दोन आत्या एका पुस्तिकेत कशा बसवाव्यात?

सयाजीगंज (वडोदरा) :
ते पान छायाचित्र काढून जसेच्या तसे छापा, किराण्याच्या हिशेबासकट. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित उत्तरेकडून जाते आणि इंदूर त्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो : एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडे जाताना आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतताना. इंदूरचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्याने तिथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. म्हणजे आपल्या आत्याबाईंची वेळही बरोबर आहे आणि जुलैचा अंदाजही. जुलैमध्ये माळव्यात बहुधा आभाळ भरलेले असते, तेव्हा त्यांना दुसरी नोंद मिळाली का, हे पुढच्या पानांत जरूर पाहावे. मला तरी वाट्याच्या कथेपेक्षा याचीच उत्सुकता अधिक आहे.

मोडीवाचक :
दुर्गाबाई भागवत 1910 साली इंदुरातच जन्मल्या आणि त्यांच्या धाकट्या बहीण, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, 1911 साली, त्याही इंदुरातच. दुर्गाबाई अविवाहित राहिल्या आणि 2002 पर्यंत जगल्या, पण त्यांच्याविषयी लिहिणारा मनुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासापासून सुरुवात करतो, नाहीतर 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला केलेल्या विरोधापासून. त्यांनी कोणासाठी काय सोडले हे कोणी आधी विचारत नाही. कमलाबाई विवाहित होत्या, तरी त्यांच्याबाबतीत बोलले जाते ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला असतानाही त्यांनी तो कसा मिळवला आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट कशी घेतली, याविषयीच. प्रसिद्ध स्त्रियांना आपण हा मान देतो आणि घरातल्या आत्याला मात्र नात्यांच्या जमाखर्चात बसवतो, हे मला खटकते. आपण सुरुवात मोडीपासून करावी. कागदांतून त्यांनी काय शोधून काढले, तेही लिहावे. नुसते ‘मोडी शिकल्या’ म्हटले तर तो निवृत्तीनंतरचा विरंगुळा वाटेल.

जुना वकील :
वाट्याच्या वाक्याबद्दल मात्र सावध राहावे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसल्यास, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतका वारसाहक्क दिला. पण त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, घरात कुटुंबच राहत असेल तर पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नसे. अविवाहित मुलीला तिथे राहण्याचा हक्क मात्र होता. हे कलम 2005 च्या दुरुस्तीने गेले. तेव्हा 1961 मध्ये त्यांनी वाटा ‘मागितला नाही’ असे छापण्यापूर्वी मृत्युपत्र होते का, आणि त्यांना तो मागता तरी येत होता का, हे पाहावे. हातात हक्क असून सोडणे निराळे आणि कायद्याने तो अडवून ठेवलेला असणे निराळे. आणखी एक : स्वतंत्र राहण्याला पैसा लागतो. पगार, निवृत्तिवेतन आणि त्या दोन खोल्या कशा घेतल्या, हे कोरडे वाटले तरी जरूर लिहा.

रामबागकर (इंदूर) :
सर्वांचे आभार. मृत्युपत्र नव्हते, हे थोरल्या काकांना विचारून पक्के केले. कलमाविषयी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आपणहून सांगितले की वाडा विकला तेव्हा भावांनी तिची फक्त सही घेतली, आणि खोल्या तिने त्याच्या कितीतरी आधी पगारातून हप्ते भरून घेतलेल्या होत्या. ते वाक्य आता काढले आहे. वाड्याची हकिकत काका स्वतःच्या नावाने लिहिणार आहेत. जुलैची नोंद सापडली : त्या वर्षी ढग होते, पुढच्याही वर्षी होते, आणि तिसऱ्या वर्षीच्या रकान्यात शून्य आहे.