प्रभाव, वळण की लळा?

प्रश्न : रवींद्रनाथांची 'पोस्टमास्तर' (१८९१) ही कथा वर्गात वाचली. उलापूर नावाच्या खेड्यात कलकत्त्याचा तरुण पोस्टमास्तर येतो, बारा-तेरा वर्षांची पोरकी रतन त्याची वरकामं करते. एका मुलीनं उत्तरात लिहिलं, 'रतनवर पोस्टमास्तरचा प्रभाव पडला.' चूक काही नाही, पण परिपत्रक वाचल्यासारखं वाटलं. इथं घरातला शब्द कोणता? संगत? वळण?

– 'संगत' नको. वाईट संगत 'लागते', चांगली 'लाभते'. नुसतं 'संगत लागली' म्हटलं की पोरगं बिघडलं असंच ऐकणारा धरून चालतो.

– 'गुण लागला'चंही तेच. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' इथं वाण म्हणजे रंग. गुण हा शब्द एरवी चांगला, पण कोणी अभ्यासाला लागलं म्हणून ही म्हण वापरलेली मी तरी ऐकलेली नाही!

– 'नादी लागली' तर मुळीच नको. त्यात कर्ता रतन होते, म्हणजे दोषही तिच्याच माथी. 'लळा' घ्या. 'रतनला पोस्टमास्तरचा लळा लागला.' इथं 'रतनला' ही चतुर्थी बघा : तहान लागते, झोप लागते, तसा लळा लागतो. तिनं ठरवून काही केलेलं नाही. आणि वाक्य फिरवलं, 'त्यानं लळा लावला', की लावणाऱ्याची जबाबदारी आपोआप पुढे येते. तो घरच्यांच्या आठवणी सांगतो आणि ही त्याच्या आईला, बहिणीला, भावाला आपल्याच नात्यातल्यासारखं आई, ताई, दादा म्हणू लागते. याला प्रभाव कसं म्हणणार?

– लळा पटला, पण 'वळण' सोडू नका. तो तिला अक्षरं शिकवतो, थोड्याच दिवसांत ती जोडाक्षरांपर्यंत जाते. अक्षराला वळण लावतात, मुलालाही लावतात. मात्र वळण हे समजूनउमजून, पुढचा विचार करून लावायचं. हा गृहस्थ कंटाळा घालवायला शिकवत होता. वळण लावायला गेला आणि लळा लावून बसला. 'मला तुमच्या घरी न्याल?' या रतनच्या प्रश्नावर तो हसतो, 'ते कसं शक्य आहे?' म्हणतो, तिथं दोन्ही शब्दांतलं अंतर दिसतं.

– आजारपण विसरलात. पावसाळ्यात त्याला ताप येतो, तेव्हा ही वैद्याला बोलावते, वेळेवर गोळ्या देते, रात्रभर उशाशी बसते. त्या क्षणी रतन लहान मुलगी उरली नाही, असं लेखक स्पष्ट लिहितो. खरा बदल हाच. आमच्याकडे याला 'जीव लावला' म्हणतात, आणि इथं कर्ता रतन आहे.

प्रश्नकर्ती : वा, हे सुचलंच नव्हतं. मग फळ्यावर लिहीन : 'त्यानं लळा लावला, तिनं जीव लावला.' शेवटी गाव सोडून निघताना तो पैसे देऊ करतो आणि ती पाया पडून नको म्हणते, त्याला कोणतं क्रियापद लावायचं ते मुलांनाच विचारते.