१४ एप्रिलचा फलक : बाबासाहेबांच्या वाचनाविषयी काय लिहावे?

सचिव (ए-१०३) : सर्व सभासदांना नमस्कार. तळमजल्यावरील सभागृहात आपण सुरू केलेल्या वाचनकट्ट्यावर १४ एप्रिलनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वाचनाविषयी एक फलक लावण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. मजकूर मुलांनाही कळेल असा आणि दीडशे ते दोनशे शब्दांत बसेल असा हवा. गुरुवारी रात्रीपर्यंत तो छपाईला द्यायचा असल्याने सूचना येथेच लिहाव्यात. पार्किंगविषयीचे संदेश कृपया या चर्चेत टाकू नयेत.

सी-५०४ : सचिव साहेब, स्तुत्य उपक्रम. कालच एका ग्रुपवर उत्तम मजकूर आला आहे, तोच घ्यावा असे मी सुचवतो. बाबासाहेब रोज १८ तास वाचत असत, ६४ विषयांवर त्यांचे प्रभुत्व होते, लंडनचा आठ वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षे तीन महिन्यांत पूर्ण केला आणि त्यांचे ग्रंथालय जगातील सर्वांत मोठे खासगी ग्रंथालय होते, असे त्यात दिले आहे. फलकावर हे ठळक अक्षरांत फार शोभेल.

बी-४०२ : काका, आपल्या भावनेविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी नोकरीची सगळी वर्षे ग्रंथालयात काढली आहेत, त्यामुळे हा मजकूर दर एप्रिलमध्ये आणि दर डिसेंबरमध्ये माझ्याकडे फिरून येतो. त्यातील लंडनचे वाक्य तारखांशीच जुळत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मग स्वतः कमावलेले आणि मित्रांकडून मिळवलेले पैसे गाठीशी बांधून १९२० साली ते पुन्हा गेले, १९२१ साली एम.एस्सी. झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचवल्यामुळे तो दुरुस्त करून पुन्हा पाठवल्यावर १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. म्हणजे प्रवेशापासून पदवीपर्यंत सात वर्षे गेली. ही सात वर्षे ‘दोन वर्षे तीन महिन्यां’पेक्षा मला कितीतरी मोठी वाटतात, कारण त्यांत पैसे संपणे आहे, परत फिरणे आहे आणि लिहिलेले पुन्हा लिहिणेही आहे.

सी-५०४ : तपशील मान्य. पण चार आकडे मोठे असले तर बिघडते कुठे? मुले त्यामुळे निदान थांबून वाचतील तरी.

डी-२०१ : काका, मुले थांबतील, पण माझ्या मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला असेल, ‘त्यांना कोणते पुस्तक आवडायचे?’ आणि आपल्या फलकावर त्याचे उत्तर कुठेच नसेल. चौसष्ट विषय म्हटल्यावर कोणताच विषय डोळ्यांसमोर येत नाही. मोजक्या पुस्तकांची नावे आणि ती त्यांच्या हाती कशी आली, एवढे लिहिले तरी मुलांना धरून ठेवायला काहीतरी मिळेल.

ए-६०१ : सहमत. माझ्या मते वाचनाची सुरुवात कशी झाली येथून आरंभ करावा.

बी-४०२ : सुरुवात घरातूनच झाली. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते आणि मुलांकडून महाभारत-रामायण वाचून घेत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा सराव तेच करून घेत. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सगळे बिऱ्हाड होते. धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे की मुलगा संध्याकाळी लवकर झोपे, वडील रात्री दोनपर्यंत जागत बसत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत, कारण त्या खोलीत दोघांना एकाच वेळी धड झोपायलाही जागा नव्हती. मुलाने पुस्तक मागितले आणि हाताशी पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन उसने मागत. तिच्याकडेही रोकड नसली तर ती अंगावरचा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पेन्शन हाती आली की सोडवून तिला परत मिळे. फलकावर एकच प्रसंग घेता येणार असेल तर मी हा घेईन, कारण पुस्तक विकत घेण्यासाठी एका घराने काय काय केले ते त्यात दिसते आणि त्यासाठी कोणताही आकडा फुगवावा लागत नाही.

डी-२०१ : हा प्रसंग मला ठाऊक नव्हता. त्या बहिणींविषयीही फलकावर एक ओळ यायलाच हवी.

बी-४०२ : अवश्य. त्यानंतर केळुसकर गुरुजी. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि मराठीतील नामवंत चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी ते वाचत बसत, तेथेच एक शाळकरी मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसू लागला; त्यांनी आपण होऊन चौकशी केली आणि पुढे ते त्याला वाचायला पुस्तकेही देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. या भेटीविषयी बाबासाहेबांनी १९५६ सालच्या एका प्रस्तावनेत स्वतः लिहिले आहे. ते पुस्तक वाचून ते वडिलांकडे गेले आणि आम्हाला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही, ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्रांची व अस्पृश्यांची मानहानी ज्यांत आहे ते ग्रंथच का वाचायला लावता, असे त्यांनी विचारले. एक पुस्तक वाचल्यावर दुसऱ्या पुस्तकाबद्दल जाब विचारण्याची ही सवय पुढे आयुष्यभर सुटली नाही, आणि माझ्या मते ते कसे वाचत याचे खरे उत्तर तिच्यात आहे.

ए-६०१ : सर, याच मुद्द्यावर मला थोडे लिहायचे आहे, कारण राज्यशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना बाबासाहेबांचा एक लहान लेख हमखास वाचायला देत असे. १९१८ साली, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात लिहिले. रसेल त्या वेळीही जगप्रसिद्ध होते आणि परीक्षण लिहिणारा तरुण प्राध्यापकीच्या शोधात होता. ग्रंथाची थोरवी त्यांनी मोकळेपणाने सांगितली, पण पैशाच्या हव्यासामुळे माणसाच्या स्वभावाची वाढ खुंटते हे रसेल यांचे विवेचन त्यांना पुरते पटले नाही. माणसाला पैसा कशासाठी हवा आहे हे पाहिल्याखेरीज त्या हव्यासाला बरे-वाईट ठरवता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ज्याच्या घरी पुस्तकासाठी दागिना गहाण पडला त्याने हा आक्षेप घ्यावा, याचे मला नवल वाटत नाही. अर्थात हा संबंध मी जोडतो आहे. त्यांनी तसे कुठे लिहिलेले नाही.

कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या ग्रंथांशीही त्यांचे असेच नाते होते. ड्युई यांच्या लोकशाही आणि शिक्षणावरील ग्रंथाची बाबासाहेबांची स्वतःची प्रत अभ्यासकांनी तपासली आहे आणि तिच्या पानोपानी पेन्सिलीच्या रेघा आहेत. त्या ग्रंथातील विचार १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात येतात तेव्हा ते थेट हिंदू समाजाला लावून दाखवलेले असतात. लाहोरच्या ज्या मंडळाने हे भाषण ठरवले होते त्यानेच ते रद्द केले, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले, हे आपल्याला माहीत आहेच.

बी-१०४ : मी अकरावीत आहे. पुस्तकात रेघा मारल्या तर आई रागावते. फलकावर रेघांचा उल्लेख नक्की करावा, ही नम्र विनंती.

डी-२०१ : स्वतःच्या पुस्तकात माराव्यात, कट्ट्यावरच्या नव्हे.

सी-५०४ : ठीक आहे. पण राजगृहाच्या ग्रंथालयाचे तरी घ्याल ना? पन्नास हजार पुस्तके ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

बी-४०२ : घ्यायचेच आहे, काका, तो मान आपल्या मूळ सूचनेचा. फक्त संख्येबाबत सांभाळून लिहू. कुठे पस्तीस हजार लिहिलेले असते, कुठे पन्नास हजारांच्या वर. आणि ‘जगातील सर्वांत मोठे’ हे तर कोणी मोजलेले नाही. निर्विवाद आहे ते असे, की १९३०च्या दशकाच्या प्रारंभी दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले ते पुस्तकांचा विचार आधी करून. खाली कुटुंब आणि वर ग्रंथालय अशी त्याची रचना होती आणि मगधाच्या जुन्या राजधानीवरून त्याला राजगृह हे नाव दिले होते. आपण घर घेताना मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब आधी पाहतो, पुस्तकांचे कपाट उरलेल्या भिंतीला लागते, तेही भिंत उरली तर.

या संग्रहामागे किती पुस्तके गमावलेली होती हेही लिहायला हवे. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, ती भारतात आणण्यासाठी एका स्नेह्याकडे सोपवली आणि त्यांतली थोडीच त्यांच्यापर्यंत पोहोचली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या बोटीने पाठवला होता. पहिले महायुद्ध चालू होते, जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि संग्रह तिच्याबरोबर तळाशी गेला. राजगृहाची कपाटे भरली ती त्यानंतर.

रोजच्या १८ तासांबाबत म्हणाल, तर तास कोणी लिहून ठेवलेले नाहीत. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताच आत जायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, दुपारच्या जेवणाला पैसेही नाहीत आणि वेळही नाही, हा क्रम मात्र चरित्रकारांनी नोंदवला आहे. आकड्याऐवजी तोच लिहावा.

सी-५०४ : पटले. बोट बुडाल्याची गोष्ट मलाही नवीन आहे. फॉरवर्डपेक्षा हे जास्त वाचनीय होईल, हे मान्य करतो.

डी-२०१ : आता आवडत्या पुस्तकांकडे येऊ या. आपल्याला रडवणारी पुस्तके म्हणून बाबासाहेब तीन नावे सांगत, असे कीरांच्या चरित्रातच आहे : टॉल्स्टॉयचे चरित्र, व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ आणि थॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’. यांपैकी दोन कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. ह्यूगोच्या कादंबरीचे कारण सहज लक्षात येते. ज्याँ व्हालज्याँ शिक्षा भोगून सुटला तरी कैदी असल्याचा शिक्का त्याच्यापुढे गावोगाव चालत राहतो, पैसे असूनही त्याला कोणी मुक्कामाला जागा देत नाही. बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या आणि राहायला घर न मिळालेल्या माणसाने ती पाने कशी वाचली असतील, हे वेगळे सांगायला नको. हार्डीचे नाव पाहून मात्र मी थबकले. ती इंग्लंडच्या खेड्यातली, शेतावरची प्रेमकथा आहे. एका रात्रीत सगळी मेंढरे कड्यावरून कोसळून मरतात, गेब्रियल ओक कफल्लक होतो, आणि जिला त्याने लग्नाची मागणी घातली होती तिच्याच शेतावर चाकरी करत मुकाट्याने तिचे पीक वाचवत राहतो. या पुस्तकावर बाबासाहेब का रडले याचा पक्का अंदाज मला करता येत नाही, आणि म्हणूनच ते नाव फलकावर हवे असे वाटते. कायदा आणि अर्थशास्त्राचे ग्रंथ तर ते वाचतच होते. कादंबरी वाचून डोळे पुसणारे बाबासाहेब आमच्या पाठ्यपुस्तकात कधी भेटले नाहीत.

ए-६०१ : अतिशय योग्य. मात्र मराठी वाचनही सुटू नये. त्यांचे पहिले वर्तमानपत्र ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा ‘काय करूं आतां धरूनिया भीड’ हा अभंग होता, आणि १९२७ सालच्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. देव्हाऱ्यात ठेवलेली संतवाणी त्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कामाला लावली. बुद्ध, कबीर आणि फुले यांना ते गुरू मानत, आणि अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास व चोखामेळा या संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

बी-१०४ : त्यांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, असे सरांनी सांगितले होते. ते खरे आहे का?

ए-६०१ : खरे आहे, बाळ. अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली आणि बी.ए.ही इंग्रजी व फारसी घेऊन केले. संस्कृत पुढे स्वतः शिकले. उत्तरायुष्यात पालीचा अभ्यास करून तिच्या शब्दकोशाचे कामही हाती घेतले. जी भाषा शिकू दिली नाही तिच्यातील ग्रंथांची झडती घेणारी पुस्तके त्यांनी लिहिली, ही ओळ तू स्वतः फलकासाठी लिहून पाहा.

सचिव (ए-१०३) : सर्वांचे आभार. दागिन्याचा प्रसंग, चर्नी रोडची बाग, बुडालेली बोट, तीन पुस्तके आणि पेन्सिलीच्या रेघा एवढे घेऊन बी-४०२ यांनी बुधवारपर्यंत मजकूर लिहावा; शुद्धलेखन डी-२०१ पाहतील. ६४ विषय, १८ तास आणि आठ वर्षांचा अभ्यासक्रम वगळले आहेत. सी-५०४ काकांनी छपाईचा खर्च स्वतः देण्याचे मला फोनवर कळवले आहे, त्याची कार्यकारिणी कृतज्ञतेने नोंद घेते.

बी-४०२ : बुधवारी सकाळीच देतो. केळुसकरांच्या बुद्धचरित्राची एक प्रत माझ्याकडे आहे, ती फलकाखालच्या टेबलावर ठेवीन. नेताना नोंदवहीत सदनिका क्रमांक लिहावा आणि पंधरा दिवसांत परत आणावी. त्या प्रतीत रेघा मी आधीच मारलेल्या आहेत.